सासूबाईंवर बजावलेली नोटीस

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास मोठ्या साहेबांनी जावईबुवांना केबिनमध्ये बोलावलं, एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "पंधरा मिनिटांचं काम आहे. कुणीतरी म्हातारी बाई आहे. नोटीस द्यायची, सही घ्यायची, परत यायचं."

कचेरीत एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाने 'पंधरा मिनिटांचं काम' हे शब्द कानावर पडताच पोटात दुखतंय असं सांगून घर गाठावं. जावईबुवांना ते सुचलं नाही. ते शहराच्या जलनिस्सारण विभागात उपअभियंता होते. स्वभाव सरळ, अक्षर सुवाच्य, आणि टेबलावर आलेला कागद दोन दिवसांत पुढच्या टेबलावर ढकलण्याबद्दल ख्याती. त्यांना स्वतःचं नावही होतं; पण त्या आठवड्यात जे घडलं त्यानंतर पोलिसांपासून पोकलेन चालवणाऱ्यापर्यंत सगळे त्यांना 'जावईबुवा' म्हणायला लागले, तेव्हा आपणही तेच म्हणू.

मामला असा होता. वसाहतीच्या मागून एक ओढा वाहत होता. तो सिमेंटच्या मोठ्या पाइपात घालायचा, वर माती टाकायची आणि मातीवर रस्ता करायचा, असं कचेरीने ठरवलं होतं. चाळीस मीटर पाइप टाकूनही झाला होता. त्या दिवशी सकाळी पोकलेनवाला यंत्र घेऊन पुढे सरकला, तर पात्राच्या मधोमध खुर्ची टाकून एक बाई बसलेल्या. हॉर्न वाजवला, हटल्या नाहीत. ओरडून पाहिलं, तर त्यांनी हाताने 'हळू बोला' अशी खूण केली.

जावईबुवा काठावर पोचले आणि त्यांनी आधी खुर्ची ओळखली. हिरव्या पट्ट्यांची, घडीची, एका दांड्याला सुतळी बांधलेली. ती त्यांच्याच गॅलरीतली होती. सकाळी तीन मजले उतरून ती त्यांनी स्वतः खाली आणून दिली होती. "आई, उन्हात बसणार का जरा?" असं विचारलंही होतं, आणि "हो, बसेन म्हणते थोडा वेळ" असं उत्तर मिळालं होतं. थर्मासचं झाकणही त्यांनीच घट्ट लावून दिलं होतं. गुन्ह्यातला सहभाग हा असा, बेसावध असताना होतो.

"आई, तुम्ही?"

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण म्हणून आलात? जावई म्हणून की ऑफिसकडून?"

"ऑफिसकडून."

"मग ओळखपत्र दाखवा."

जावईबुवांनी वरचा खिसा चाचपला, मग खालचे दोन्ही.

"घरी आहे, फ्रिजवर," सासूबाई म्हणाल्या. "सकाळी मी पाहिलं. सांगणार होते, पण तुम्ही खुर्ची उचलण्याच्या गडबडीत होतात."

जावईबुवा घरी गेले, ओळखपत्र घेऊन आले. पंधरा मिनिटं इथेच संपली.

सासूबाई एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं मेट्रन होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आल्या, गुडघा बरा झाला, आणि लेकीने त्यांना परत जाऊ दिलं नाही. हातात आलेला कुठलाही कागद त्या केसपेपरसारखा वाचत. नोटीस त्यांनी दोनदा वाचली.

"पहिली गोष्ट, माझ्या आडनावातली वेलांटी चुकली आहे. वेलांटी चुकली की माणूस बदलतो. आमच्याकडे एकदा अशानेच एका गृहस्थांचं भलतंच ऑपरेशन होता होता राहिलं. दुसरी गोष्ट. यात लिहिलंय, 'सांडपाण्याच्या कोरड्या नाल्यात अनधिकृतपणे बसलेल्या'. मी नाल्यात बसलेली नाही. हा ओढा आहे. आणि कोरडा म्हणाल, तर तुमचे बूट बघा."

जावईबुवांनी बूट पाहिले. पाणी नाड्यांच्या वर आलं होतं.

"आई, पण तुम्ही इथे बसलात कशाला? रस्ता झाला तर आपल्याच वसाहतीची सोय आहे."

"असेल ना. मी सहा महिने रोज सकाळी या काठाने चालते. वरच्या अंगाला झरा आहे. बोटाएवढे मासे आहेत. एक खंड्या रोज सव्वासातला त्या फांदीवर येतो, माझ्या नर्सेस कधी इतक्या वेळेवर आल्या नाहीत. पाण्यात हात घालून बघा, नाडी लागते. जिवंत पेशंट मी आजवर शवागारात पाठवलेला नाही. आता रिटायर झाल्यावर ती सुरुवात करणार नाही." एवढं बोलून त्यांनी नोटीस घडी घालून परत दिली. "दुरुस्त करून आणा. मी कुठे जात नाही."

आता वेलांटी दुरुस्त करणं हे कुणालाही सोपं वाटेल. टंकलेखिका म्हणाली, वेलांटी बदलायची तर कागद नवा, आणि कागद नवा तर जावक क्रमांक नवा. जावक कारकून म्हणाले, नवा क्रमांक द्यायचा तर जुना रद्द करायला हवा, आणि रद्द करायचा शिक्का सुटीवर गेलेल्या कारकुनाच्या खणात आहे. खणाची किल्ली कारकुनासोबत सुटीवर होती. मोठे साहेब म्हणाले, "अहो, तुमच्या सासूबाई आहेत ना? घरी सांगून उठवा की!" सासूबाईंना घरी काही सांगून उठवता येत असतं, तर जावईबुवांचं गेल्या सहा महिन्यांचं आयुष्य वेगळं झालं असतं, हे साहेबांना कोण सांगणार?

संध्याकाळी सहाला पोकलेनवाला घरी निघाला, तशा सासूबाईही खुर्ची मिटून घरी आल्या. जेवणाच्या टेबलावर दोन्ही पक्ष समोरासमोर बसले. जावईबुवांनी घसा खाकरला.

"ऑफिसचं ऑफिसात," सासूबाई म्हणाल्या आणि आमटीचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं.

बायको शाळेत गणित शिकवायची. ती पेपर तपासता तपासता जेवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझी आई दिवसभर पाण्यात पाय घालून बसते आणि तू वेलांट्या शोधत फिरतोस."

"मी माझं कर्तव्य करतोय."

"ती पण," बायको म्हणाली आणि कुणाचा तरी एक मार्क कापला.

बुधवारी ओढ्यावर दोन माणसं वाढली. एक गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणारी शिंपीणबाई. ती मशीनपुढच्या स्टुलावरचं लोकरी आसन घेऊनच आली. दुसरे निवृत्त पोस्टमन. त्यांनी या काठाने चौतीस वर्षं सायकल चालवली होती आणि ओढ्याच्या प्रत्येक वळणावर कुठल्या घराचं कुत्रं चावलं हे त्यांना पाठ होतं. सासूबाईंनी लगेच तक्ता आखला: कोण कधी बसणार, चहाला कोण जाणार, उन्हाच्या वेळी टोपी कुणाकडे. उशिरा येणाऱ्याच्या नावाखाली लाल रेघ. पोकलेनवाल्याचे डोळे लाल दिसले म्हणून त्याला थेंब आणून दिले, दिवसातून तीन वेळा, आणि त्याने ते घातले की नाही हे त्याच्याच यंत्रासमोर बसून पाहिलं.

सल्ला देणाऱ्यांची तर काठावर रीघ लागली. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त दंतवैद्य सगळ्यांत पुढे. ते म्हणाले, स्वतःला झाडाला साखळीने बांधून घ्या. सासूबाई म्हणाल्या, "बाथरूमला जाताना कुलूप कोण उघडणार? तुम्ही?" ते म्हणाले, मग निदान उपोषण तरी करा. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत." शेवटी डॉक्टर म्हणाले, "काही असो, शेवटच्या क्षणी मी तुमच्या शेजारी असेन!" सासूबाईंनी लगेच तक्ता काढला आणि 'शेवटचा क्षण' असं सदर करून त्यात त्यांचं नाव लिहून घेतलं.

इकडे जावईबुवा दुसऱ्या हरकतीशी झुंजत होते. 'नाला' खोडून 'ओढा' लिहायचा, तर मूळ मोजणीत काय आहे ते पाहिलं पाहिजे, असं विधी विभागाने लिहून दिलं. गुरुवारी दुपारी ते अभिलेख कक्षात गेले. मोजणीची फाईल निघाली. धूळ झटकली. आत पाहणीची छापील पावती होती. 'पाण्याचा प्रकार: नाला. प्रवाह: नाही. प्रत्यक्ष पाहणी: केली.' खाली सही.

अक्षर सुवाच्य होतं. सही त्यांचीच होती.

जावईबुवा तिथल्या स्टुलावर बसले. तीन वर्षांपूर्वीची ती दुपार त्यांना आठवली. महिनाअखेर होती, साहेबांना संध्याकाळपर्यंत सगळ्या पावत्या हव्या होत्या, आणि त्यांनी पंख्याखाली बसून, चहा पीत, एका बैठकीत सत्तावीस पावत्या भरल्या होत्या. त्याबद्दल त्यांचं कौतुकही झालं होतं. त्या सत्तावीसपैकी एकाही ठिकाणी ते गेले नव्हते. पाइप, पोकलेन, माती, रस्ता, सगळं त्या एका शब्दावर उभं होतं, आणि तो शब्द त्यांनी चहाच्या दोन घोटांमध्ये लिहिला होता.

अभिलेखपाल म्हणाले, "सापडलं ना? चला, काम झालं तुमचं."

"हो," जावईबुवा म्हणाले. त्यांनी पावतीची प्रत काढून घेतली आणि नियमाप्रमाणे नोंदवहीत सही केली. ही सही करण्याआधी मात्र त्यांनी वरची ओळ पूर्ण वाचली.

त्याच संध्याकाळी पोलिसांचा हुकूम आला. ओढ्याच्या पात्रात पाच किंवा जास्त माणसांनी जमू नये. इन्स्पेक्टर सभ्य गृहस्थ होते. हुकूम वाचून दाखवल्यावर त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "बाई, तुम्ही आता तीन आहात. हवं तर चार बसा. चारांवर मला काहीच करता येणार नाही. तुमचं बसणंही होईल, माझी डोकेदुखीही टळेल."

"चार बसलो तर काय होईल?"

"काहीच नाही. दोन-चार दिवसांत साहेब लोक पलीकडच्या बाजूने यंत्र आणतील."

"म्हणूनच पाच," सासूबाई म्हणाल्या. "लिहून घ्या. उद्या शुक्रवार, सकाळी दहा वाजता इथे पाच माणसं बसतील. आम्ही पळणार नाही, ओरडणार नाही, तुमच्या माणसांना हात लावणार नाही. कायदा मोडायचाच, तर चुकून मोडलेला मला आवडत नाही."

इन्स्पेक्टरांनी बावीस वर्षांच्या नोकरीत गुन्ह्याची वेळ आधी कळवणारा गुन्हेगार पाहिला नव्हता. त्यांनी डायरीत वेळ लिहिली आणि, कसं कोण जाणे, जाताना सॅल्यूट ठोकला.

शुक्रवारी पावणेदहाला ओढ्याच्या पात्रात पाच बसायच्या जागा मांडल्या होत्या: एक घडीची खुर्ची आणि चार स्टुलं. सासूबाई, शिंपीणबाई, पोस्टमन आणि शाळेतून रजा काढून आलेली बायको. ती आदल्या रात्री एवढंच म्हणाली होती, "आईला एकटीला पकडून नेलं तर ती पोलीस ठाण्यात तक्ता लावेल. कुणीतरी सोबत हवं." पाचवं स्टूल दंतवैद्यांचं. दहाला पाच कमी असताना त्यांच्याकडून चिठ्ठी आली. अचानक एका पेशंटची दाढ उपटावी लागत असल्याने येणं शक्य नाही, मनाने सोबत आहे. डॉक्टरांना रिटायर होऊन आठ वर्षं झाली होती. सासूबाईंनी त्यांच्या नावाखाली लाल रेघ मारली आणि घड्याळ पाहिलं.

काठावर इन्स्पेक्टर, सहा शिपाई, गाडी आणि सगळी वसाहत उभी होती. चार माणसांना पकडता येत नव्हतं आणि पाचवा येत नव्हता. शिपायांपैकी एक जण इन्स्पेक्टरांना म्हणाला, "साहेब, संख्या भरत नाहीये. जायचं का?"

एवढ्यात जावईबुवा आले. हातात नोटीस होती. वेलांटी बरोबर, 'नाल्या'च्या जागी 'ओढा', क्रमांक नवा, जुना क्रमांक रीतसर रद्द, सुटीवरून परतलेल्या कारकुनाचा शिक्का स्पष्ट. पॅन्ट दुमडून ते पाण्यात उतरले.

सासूबाईंनी ओळखपत्र पाहिलं, नोटीस दोनदा वाचली आणि मान हलवली. "निर्दोष आहे. पेन द्या." त्यांनी सही केली, तारीख घातली, वेळ घातली. "झालं तुमचं काम. जा आता ऑफिसला."

जावईबुवा गेले नाहीत. चार दिवसांनी का होईना, पंधरा मिनिटांचं काम पूर्ण झालं होतं. दुमडलेल्या पॅन्टखाली पोटऱ्यांना गार पाणी ढुशा देत होतं. त्यांनी वाकून पाण्यात हात घातला. एकोणीस वर्षं ते पाण्याच्या खात्यात होते आणि वाहत्या पाण्यात हात घालायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"अरे," बायको हळूच म्हणाली, "नोकरी आहे."

"हो ना," जावईबुवा म्हणाले आणि पाचव्या स्टुलावर बसले.

स्टुलाचा एक पाय दगडावर होता, त्यामुळे ते बसल्या बसल्या डावीकडे कलंडले आणि कमरेपर्यंत भिजले. आयुष्यातला सर्वांत धैर्याचा क्षण माणसाला कोरड्या कपड्यांत मिळेलच असं नाही. पोकलेनवाल्याने केबिनमधून उडी मारून त्यांना उचललं, स्टूल नीट रोवून दिलं आणि मगच परत आपल्या जागी जाऊन बसला. काठावरच्या वसाहतीने टाळ्या वाजवल्या. त्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीतूनही दोन ऐकू आल्या.

इन्स्पेक्टर पाण्यात उतरले. "बाई, आता पाच झालेत."

"माहीत आहे. चला." सासूबाई उठल्या. पोलीस गाडीची पायरी उंच होती, गुडघा वाकेना. शिपाई इकडेतिकडे पाहू लागले. शेवटी जावईबुवांनी ओलं स्टूल गाडीच्या मागे ठेवलं आणि सासूबाई त्यावर पाय देऊन, जणू वॉर्डच्या फेरीला निघाल्यात अशा, आत गेल्या.

ठाण्यात नवाच पेच निघाला. तक्रारदार म्हणून कागदावर जलनिस्सारण विभागाचा प्रतिनिधी हवा होता, आणि त्या जागेचा नेमलेला प्रतिनिधी म्हणजे जावईबुवा. आरोपी क्रमांक पाच म्हणजेही जावईबुवाच.

"तुम्ही स्वतःविरुद्ध तक्रार करताय?" ठाणे अंमलदारांनी विचारलं.

जावईबुवांनी थोडा विचार केला. खिशातली पावतीची प्रत भिजून चिकटली होती. ती त्यांनी अलगद सोडवली. "हो," ते म्हणाले. "लिहा. आणि हा कागदही जोडा."

दोन वाजता पाचही जण न्यायाधीशबाईंपुढे उभे होते. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर सासूबाई पुढे झाल्या.

"कबूल आहे. दहा वाजता पाचवा माणूस बसणार असं सांगितलं होतं. तो दहा वाजून दोन मिनिटांनी बसला. तेवढ्या उशिराबद्दल दिलगीर आहे."

"बचावात काही म्हणायचंय?"

"बचाव नाही. हुकूम माहीत होता, ठरवून मोडला, शिक्षा द्या. फक्त ज्या कागदामुळे ओढा मारायचा ठरला तो कुणीतरी वाचावा, एवढंच हवं होतं. चार दिवस विचारलं, तर सगळे माझीच वेलांटी तपासत होते. इथे आल्यावर तरी तो कागद वाचावा लागेल, असं वाटलं."

न्यायाधीशबाईंनी ओला कागद उजेडात धरला. "हे अक्षर कुणाचं?"

"माझं," जावईबुवा म्हणाले.

"'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहिलंय. केली होती?"

न्यायालयात मोठ्या साहेबांनी पाठवलेला विधी विभागाचा माणूस बसला होता. तो डोळ्यांनी खुणा करत होता. जावईबुवांना त्या दिसल्या.

"नाही," ते म्हणाले. "टेबलावर बसून भरली. प्रवाह आहे. आज मी त्यात पडलो."

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ लिहिलं. मग हुकूम वाचला: नव्याने मोजणी होईपर्यंत काम बंद, मोजणी आरोपी क्रमांक पाच सोडून दुसऱ्या कुणी करावी, आणि पाचही आरोपींनी गुन्हा कबूल केल्यामुळे त्यांना, न्यायालय उठेपर्यंत त्याच दालनात बसून राहण्याची शिक्षा.

"म्हणजे," पोस्टमन कुजबुजले, "बसल्याबद्दल बसायचं?"

"पण इथे बाकाला पाठ आहे," सासूबाई समाधानाने म्हणाल्या आणि पर्समधून विणकाम काढलं. साडेपाचला न्यायालय उठलं तोवर अर्धी बाही झाली होती.

नवी मोजणी झाली. प्रवाह बारमाही निघाला. पाइपाचं काम रद्द झालं. टाकलेला चाळीस मीटर पाइप तसाच राहिला. ओढा एका टोकाने त्यात शिरतो आणि दुसऱ्या टोकाने जरा वैतागल्यासारखा खळखळत बाहेर येतो. पोकलेनवाला जाताना सासूबाईंच्या पाया पडायला आला होता; त्यांनी त्याला आधी खालची पापणी ओढून दाखवायला लावली.

जावईबुवांची खातेनिहाय चौकशी झाली. त्यांनी उरलेल्या सव्वीस पावत्यांबद्दलही आपणहून सांगितलं, त्यामुळे चौकशी अधिकाऱ्यांची फारच अडचण झाली. शेवटी त्यांची बदली तळघरातल्या 'जुने नकाशे' कक्षात करण्यात आली. तिथे खिडकी नव्हती, काम नव्हतं आणि सहकारी नव्हते. कचेरीतले लोक येऊन हळहळून गेले. मोठे साहेब जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "आता बसा शांत."

पहिले दोन दिवस जावईबुवा शांत बसले. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, त्यांनी सगळ्यांत मोठी गुंडाळी काढली, जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि गुडघ्यांवर बसून पाहू लागले. शहराचा नकाशा होता, रस्ते व्हायच्या आधीचा. त्यावर निळ्या रेघा होत्या. त्यांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग चष्मा पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अर्ध्या दिवसाची कचेरी सुटली तरी ते मोजतच होते.

घरी पोचले तेव्हा बायको पेपर तपासत होती आणि सासूबाई दुसरी बाही विणत होत्या.

"आई," जावईबुवा चपला न काढताच म्हणाले, "अकरा आहेत."

"काय अकरा?"

"ओढे. आपला सोडून. सगळे रस्त्यांखाली गेलेत. पण उतार पाहिला तर त्यातले तीन अजून वाहत असणार. बाजाराच्या चौकातलं झाकण उघडलं तर आवाज यायला हवा."

सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं. बायकोने पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "उद्या रविवार आहे. सकाळी जाऊ."

"सकाळी कशाला?" पलंगाखाली बूट शोधत सासूबाई म्हणाल्या. "अजून दोन तास उजेड आहे."